बर्फ बघायला जायचंय? आधी घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाचा विचार करा

दिवाळीची सुट्टी संपली की नाशिक, मालेगाव, मनमाडच्या घराघरांत एक विषय निघतो. मुलं मोबाईलवर बर्फातले व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात, ‘अब्बू, यंदा बर्फात जायचं.’ मग चुलतभाऊ, मेहुणे, शेजारी मिळून पंधरा-वीस जणांचा गट तयार होतो. कुणी गुलमर्ग म्हणतो, कुणी मनाली. ज्यांचे नातेवाईक लंडनला किंवा दुबईला आहेत ते तर थेट फ्रान्सच्या स्की रिसॉर्टची नावं काढतात. दोन दिवसांत कुणीतरी टूरवाल्याचं पॅकेज पुढे पाठवतं, दहा हजारांचा बयाणा जातो आणि मग कळतं की दादींना तिथला चढ झेपणार नाही, किंवा त्या तारखांना तिथे बर्फच नसतो.

आमच्याकडे वाचकांचे असे प्रश्न सतत येतात. म्हणून ठिकाण कसं निवडायचं, हे आम्ही इथे क्रमाने सांगत आहोत. आमचं म्हणणं थोडक्यात असं: ठिकाण फोटो बघून ठरवू नका. आधी तारीख ठरवा, मग गटातल्या सगळ्यात नाजूक माणसाचा विचार करा (म्हातारी दादी, दुधाचं बाळ, दम्याचा त्रास असलेले चाचा) आणि त्याला झेपेल ते ठिकाण निवडा. तरुण मुलं कुठेही मजा करतात.

आधी तारीख

आपल्याकडे निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेला की पेपरात बातमी येते आणि द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. गुलमर्गला जानेवारीत रात्री पारा शून्याच्या खाली दहा अंशांपर्यंत उतरतो. पण थंडी असली म्हणजे बर्फ असतोच असं नाही. बर्फ पडायला ढग लागतात, आणि ते पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वाऱ्यांबरोबर येतात. ते आले नाहीत तर थंडी कोरडी राहते.

काश्मिरी लोकांनी हिवाळ्याचे तीन भाग केले आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’, म्हणजे मोठी थंडी. त्यानंतर वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. बर्फ जमून टिकण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते ती या चाळीस दिवसांत आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत. म्हणजे नाताळच्या सुट्टीत, २५ डिसेंबरला, हा हंगाम जेमतेम सुरू झालेला असतो. बर्फ असला तर नशीब, नसला तर नाही. दर मात्र वर्षातले सगळ्यात चढे.

जानेवारीचीही हमी नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचं मैदान बराच काळ कोरडं होतं. २०२५ मध्ये फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा गुलमर्गला बर्फ नसल्यामुळे पुढे ढकलाव्या लागल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. ज्या ठिकाणी देशाच्या स्पर्धा भरतात तिथली ही गत. तेव्हा ‘शंभर टक्के बर्फ’ असं लिहून देणाऱ्या पॅकेजवर विश्वास ठेवू नका. बर्फ कुणाच्या हातात नाही.

आता आपलं कॅलेंडर बघा. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होण्याची आणि ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येण्याची शक्यता आहे. पक्की तारीख चंद्रदर्शनावर. दहावी-बारावी बोर्डाच्या परीक्षाही फेब्रुवारी-मार्चमध्येच असतात. म्हणजे बर्फ, शाळा आणि रमजान या तिन्हींचा मेळ घातला तर हातात राहतो तो जानेवारीचा मधला काळ. २६ जानेवारीच्या आसपास काश्मीरमध्ये तपासणी कडक असते, रस्त्यात वेळ जातो. म्हणून १० ते २२ जानेवारीच्या दरम्यानचा आठवडा आम्हाला सगळ्यात सोयीचा वाटतो. मुलांची चार-पाच दिवस शाळा बुडेल, पण नाताळपेक्षा खोल्या स्वस्त मिळतील आणि गर्दीही कमी असेल. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर मात्र यंदा सहल पुढे ढकललेली बरी.

चार ठिकाणं, चार स्वभाव

*गुलमर्ग.* श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटर, उंची सुमारे २,६५० मीटर. स्कीइंगसाठी भारतात सगळ्यात नावाजलेलं ठिकाण हेच. इथला गोंडोला, म्हणजे केबल कार, दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, तो १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा अफरवटच्या डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत, तो २००५ मध्ये. गंमत म्हणजे ही केबल कार पोमागाल्स्की या फ्रेंच कंपनीनेच बांधली. आल्प्समधल्या अनेक रिसॉर्टमध्येही त्याच कंपनीच्या लिफ्ट आहेत. केंद्र सरकारची स्कीइंग शिकवणारी संस्था १९६८ पासून गुलमर्गलाच आहे. शिकाऊ लोकांसाठी सपाटीजवळचे हलके उतार आहेत, आणि बर्फात नुसतं बसायचं असेल तर मोठं मैदान आहे.

*सोनमर्ग.* श्रीनगरपासून सुमारे ८० किलोमीटर. पूर्वी हिवाळ्यात रस्ता बंद व्हायचा. १३ जानेवारी २०२५ ला सुमारे साडेसहा किलोमीटरच्या बोगद्याचं उद्घाटन झालं आणि सोनमर्ग हिवाळ्यातही गाठता येऊ लागलं. बर्फ बघायला सुंदर, पण गुलमर्गसारखी लिफ्टची आणि शिकवण्याची सोय नाही. श्रीनगरला मुक्काम करून दिवसभरात जाऊन यायला बरं.

*मनाली आणि सोलंग.* सोलंग मनालीपासून १३-१४ किलोमीटरवर. स्कीचा उतार आहे, केबल कार आहे. ९ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाल्यापासून पलीकडे लाहौलमधल्या सिस्सूपर्यंत जाता येतं. सोलंगला बर्फ नसला तरी तिकडे मिळण्याची शक्यता असते. पण मोठ्या सुट्ट्यांना दिल्ली, पंजाब, हरियाणाच्या गाड्यांची एवढी गर्दी होते की विचारू नका. डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात जोराचा बर्फ पडला आणि सोलंगजवळ हजारो पर्यटक गाड्यांत अडकले, पोलिसांना रात्रभर त्यांना बाहेर काढावं लागलं.

*औली.* उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या वर. उतार चांगले, नंदादेवीचं दर्शन होतं, २०११ मध्ये इथे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या होत्या. पण ऋषिकेशहून जोशीमठपर्यंत सुमारे २५० किलोमीटरचा घाट आहे, पूर्ण दिवस जातो. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा जोशीमठ-औली रोपवे बंद करण्यात आला. जाण्याआधी त्याची सद्यस्थिती विचारून घ्या. म्हातारी माणसं बरोबर असतील तर औली नको.

या चौघांत आणखी एक फरक आहे, त्याचा विचार फार कमी लोक करतात. बर्फ पडलाच नाही तर काय? औलीला बर्फ नसेल तर दोन दिवस खोलीत बसायचं. गुलमर्गला नसेल तर दीड-दोन तास खाली श्रीनगर आहे. दल सरोवर, निशात आणि शालिमार बाग, हजरतबल, देवदारी लाकडाच्या खांबांवर उभी असलेली जामा मशीद, झेलमकाठची खानकाह-ए-मौला. गुलमर्गच्या वाटेवर बाबा रेशींचा दर्गा आहे. म्हणजे बर्फ नसला तरी सहल वाया जात नाही. ज्यांना आयुष्यात एकदाच जायचंय त्यांनी हा हिशेब जरूर करावा.

नाशिकहून वाट

रेल्वेने जायचं असेल तर मनमाडहून पुणे-जम्मूतवी झेलम एक्स्प्रेस आहे. हीच गाडी अंबाल्यावरूनही जाते, त्यामुळे मनालीला जाणाऱ्यांनी अंबाल्याला उतरून पुढे रस्त्याने जावं. चंदीगडहून मनाली सुमारे ३०० किलोमीटर आहे. काश्मीरसाठी जम्मूहून कटरा गाठायचं. ६ जून २०२५ ला कटरा-श्रीनगर वंदे भारत गाडीला हिरवा झेंडा दाखवला गेला. ती चिनाब नदीवरच्या ३५९ मीटर उंच पुलावरून जाते. बर्फामुळे जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडतो तेव्हा ही रेल्वे मोठा आधार आहे. मात्र मनमाड ते श्रीनगर हा प्रवास लांबचा आहे. मध्ये एक रात्र जम्मूला किंवा कटऱ्याला थांबा, नाहीतर म्हातारी माणसं पोहोचायच्या आधीच थकतात.

विमानाने ओझरहून किंवा मुंबईहून दिल्ली आणि तिथून श्रीनगर. डिसेंबर-जानेवारीत धुकं आणि बर्फामुळे श्रीनगरची विमानं उशिरा येतात, कधी रद्दही होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री गुलमर्गला राहू नका, श्रीनगरला उतरून या. आणि नाशिकला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी लग्न, परीक्षा किंवा दुकानाचं मोठं काम ठेवू नका.

गुलमर्गच्या खाली १३ किलोमीटरवर तंगमर्ग आहे. जोराचा बर्फ पडला की तिथून वर फक्त चाकांना साखळी लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्या सोडतात. म्हणजे तुमची ठरवलेली टेम्पो ट्रॅव्हलर तिथेच थांबते आणि दुसरी गाडी करावी लागते. हा खर्च पॅकेजमध्ये आहे की नाही, हे आधीच लेखी विचारा. गरम कोट आणि गमबूट तंगमर्गला भाड्याने मिळतात. एकदाच्या सहलीसाठी ते विकत घ्यायची गरज नाही.

आणखी एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. गटात किमान दोघांकडे पोस्टपेड असू द्या, आणि घरी राहणाऱ्यांना हे सांगून ठेवा. नाहीतर फोन लागत नाही म्हणून इकडे अम्मी रात्रभर जागतात.

दादी आणि बाळ कुठपर्यंत जाऊ शकतात?

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. गुलमर्ग त्याच्या चौपटीहून जास्त उंच. गोंडोलाचा दुसरा टप्पा सहापटीहूनही जास्त. इतक्या उंचीवर हवेतला प्राणवायू कमी मिळतो. डोकं दुखणं, मळमळ, धाप लागणं ही लक्षणं धडधाकट माणसालाही होतात. हृदयरोग, दमा, वाढलेला रक्तदाब असलेली माणसं, गरोदर बायका आणि लहान बाळं यांनी दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढूच नये. पहिल्या टप्प्यासाठीही आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. त्रास सुरू झाला तर औषधाची वाट न बघता खाली उतरणं हाच पहिला उपाय.

पहिल्या टप्प्यावर बर्फ पुरेसा असतो. मुलांचं समाधान तिथेच होतं. वर जायचंच असेल तर तरुणांनी जावं आणि बाकीच्यांनी कोंगदूरीला चहा घेत बसावं. त्यात कमीपणा काही नाही. तिकीट केबल कार महामंडळाच्या अधिकृत वेबसाइटवरूनच काढा. रांगेत ‘जादा पैसे द्या, लगेच सोडतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. वारा जोराचा असला की गोंडोला बंद ठेवतात. त्यावर चिडू नका. जून २०१७ मध्ये वादळी वाऱ्यात झाड उन्मळून केबलवर पडलं आणि सात जणांचा जीव गेला होता. बंद ठेवतात ते आपल्यासाठीच.

पहिल्यांदा स्की करणाऱ्यांसाठी

व्हिडिओत दिसतं तसं स्कीइंग एका दिवसात येत नाही. पहिला दिवस बूट घालून उभं राहण्यात आणि पडण्यात जातो. मग दोन्ही स्कीची टोकं पुढे जवळ आणि मागची बाजू फाकवून वेग कमी करायला शिकवतात. थांबायला आलं की निम्मं काम झालं. हलक्या उतारावर नीट उतरायला चार-पाच दिवस लागतात. तेव्हा दोन रात्रींच्या सहलीत ‘स्कीइंग शिकलो’ असं होत नाही. तासाभराचा अनुभव घ्यायचा आणि बाकी वेळ स्लेज आणि बर्फाचे गोळे. ज्यांना खरंच शिकायचंय अशा कॉलेजच्या मुला-मुलींनी गुलमर्गच्या सरकारी संस्थेचे किंवा मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचे ठरावीक मुदतीचे कोर्स बघावेत.

आखलेल्या उताराबाहेर जाऊ नका. अफरवटच्या वरच्या मोकळ्या उतारांवर हिमकडे कोसळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलंडचे दोन आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक स्कीपटू त्यात गेला. ते तर अनुभवी लोक होते.

कपड्यांबद्दल आमच्या बहिणींना खास सांगणं: लांब अबाया स्कीवर, स्लेजवर आणि खुर्चीच्या लिफ्टवर धोक्याचा आहे. घेर अडकतो. त्याऐवजी गुडघ्यापर्यंतचा सैल जॅकेट आणि सैल जलरोधक पँट घातली की पर्दाही राहतो आणि हालचालही मोकळी होते. हिजाबची टोकं आत खोचून वर लोकरी टोपी किंवा हेल्मेट घाला. आत अंगाला लागून सुती कपडा नको, घामाने ओला होतो आणि थंडी भरते. काळा चष्मा सगळ्यांना हवा, मुलांनासुद्धा. बर्फावरचं ऊन डोळे जाळतं.

नमाज, वजू आणि जेवण

काश्मीरमध्ये जानेवारीत सूर्य साधारण साडेसातला उगवतो आणि साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे जोहर आणि असर दोन्ही बर्फात असतानाच येतात. दुपारी बाराच्या आधी वर जाऊन तीनपर्यंत खाली आलात तर दोन्ही नमाजा आरामात होतात. किब्लाची दिशा मात्र तपासून घ्या. नाशिकमध्ये तो पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे आहे, गुलमर्गला पश्चिमेपासून किंचित दक्षिणेकडे.

हनफी मसलकाप्रमाणे सुमारे ७८ किलोमीटरच्या पुढचा प्रवास आणि एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर कसर आहे: जोहर, असर आणि इशाचे फर्ज दोन-दोन रकात, फजर आणि मगरिब तशाच. स्थानिक इमामाच्या मागे असाल तर पूर्ण चार. आपल्या वाचकांत कोकणातली शाफई घराणीही आहेत. त्यांच्याकडे मुक्कामाची मुदत चार दिवसांची आहे आणि प्रवासात दोन नमाजा एकत्र करण्याची सवलतही आहे. हनफींकडे ती नाही. एकाच गटात दोन्ही मसलकाचे लोक असतील तर निघण्याआधी हे बोलून घ्या, तिथे वाद नको.

वजूचं पाणी हा तिथला खरा प्रश्न. थंडीत नळ गोठतात, गिझर ठरावीक वेळीच चालू असतो. वजू करून चामड्याचे मोजे, म्हणजे खुफ्फैन, घातले तर मुसाफिराला तीन दिवस तीन रात्री त्यावर मसह करता येतो, पाय उघडे करावे लागत नाहीत. साधे पातळ मोजे यासाठी चालत नाहीत. चामड्याचे मोजे नाशिकहूनच घेऊन जा. पाणी गरम करायची सोय असेल तर नुसतं गार वाटतं म्हणून तयम्मुम होत नाही. आजारी पडण्याची खरी भीती असेल तेव्हाच त्याचा विचार. आपल्या प्रकृतीप्रमाणे काय करायचं ते मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारून जा.

जेवणाचं म्हणाल तर काश्मीरमध्ये हलाल ही नेहमीचीच गोष्ट आहे, तरी मोठ्या हॉटेलांत एकदा विचारावं. हिमाचल आणि उत्तराखंडमध्ये चौकशी करूनच खावं लागतं, किंवा चार दिवस डाळ-भात-भाजीवर काढावे लागतात. त्याचीही तयारी असली तर अडचण नाही. दादींसाठी इकडून थोडं पीठ, तिखट आणि खजूर बरोबर असू द्या.

सुरक्षेबद्दल सरळ बोलू

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांना मारलं. त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते. पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला स्थानिक घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह हाही त्यात गेला. त्यानंतर सरकारने काश्मीरमधली ४८ पर्यटनस्थळं बंद केली आणि टप्प्याटप्प्याने उघडली. हे सगळं आठवून घरातली माणसं घाबरतात, ते चुकीचं नाही. ‘काही होत नाही’ असं म्हणून त्यांना गप्प करू नका.

करायचं ते असं: जाण्याच्या आठवड्यात कोणती ठिकाणं उघडी आहेत ते पर्यटन खात्याकडून बघून घ्या. उघड्या आणि गर्दीच्या ठिकाणांपलीकडे ‘गुप्त स्पॉट’ दाखवतो म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. प्रत्येकाचं ओळखपत्र खिशात ठेवा, अंधार पडायच्या आत मुक्कामावर या. तपासणीत शांत राहा. आणि मन तयार होत नसेल तर यंदा मनाली निवडा. तीही चांगलीच सहल आहे.

तिथल्या माणसांबद्दल एक सांगायला हवं. डिसेंबर २०२४ च्या बर्फात सोनमर्गच्या वाटेवर गुंड इथे पंजाबचे पर्यटक अडकले होते. गावकऱ्यांनी रात्री मशीद उघडून त्यांना आत झोपायला जागा दिली. स्लेज ओढणारा, घोडेवाला, गाईड यांचं वर्षाचं पोट या दोन-तीन महिन्यांवर असतं. ते मागे लागतात तेव्हा त्रास होतो, हे खरं. अधिकृत दरपत्रक बघा, भाव आधी ठरवा, नको असेल तर एकदाच स्पष्ट ‘नाही’ म्हणा. आणि ठरलेले पैसे काम होताच हातावर ठेवा. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकायच्या आत द्यावी, ही शिकवण आपण मुलांना तोंडी देतो; बर्फात ती करून दाखवायची संधी मिळते.

फ्रान्सचं स्वप्न असलेल्यांसाठी

ज्यांचं बजेट आहे किंवा युरोपात नातेवाईक आहेत, त्यांच्यासाठी निवडीची रीत हीच. तिथेही उंची आणि तारीख आधी बघायची. वाल तोरांस हे गावच २,३०० मीटरवर आहे, तिथे बर्फाची खात्री जास्त. शामोनी १,०३५ मीटरवर. १९२४ चं पहिलं हिवाळी ऑलिंपिक तिथे झालं, जिनिव्हा विमानतळापासून सव्वा-दीड तास, आणि स्की न करणाऱ्या दादींना खऱ्या गावात फिरता येतं. फेब्रुवारीत फ्रान्सच्या शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा दर गगनाला भिडतात. जानेवारी त्या मानाने परवडतो. स्वयंपाकघर असलेली अपार्टमेंट शनिवार ते शनिवार भाड्याने मिळतात. हलालचा प्रश्न त्यामुळे बराच सुटतो. खालच्या शहरातून मटण घेऊन वर जायचं.

शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखालच्यांना नाही. ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. डोंगरात जखमी झाल्यावर खाली आणण्याचा खर्च विम्यात आहे का, ते वेगळं विचारा. फ्रान्समध्ये २०११ पासून सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास कायद्याने मनाई आहे. रस्त्यावर हिजाब चालतो, नकाब नाही. ज्या बहिणी नकाब घालतात त्यांनी हे आधीच लक्षात घेऊन ठरवावं. किब्ला तिथून आग्नेयेला.

बयाणा देण्याआधी

टूरवाल्याला किंवा हॉटेलला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. खोलीत हीटर रात्रभर चालतो की ठरावीक तास? गरम पाणी फजरला मिळतं का? हॉटेल तळमजल्यावर खोली देईल का, दादींना किती पायऱ्या? साखळीच्या गाडीचा खर्च कुणाचा? रस्ता किंवा विमान बंद झालं तर जादा रात्रीचे पैसे किती? आम्ही रद्द केलं तर काय परत मिळेल, आणि तुम्ही रद्द केलं तर? जो टूरवाला या प्रश्नांना कंटाळतो, त्याच्याकडे बयाणा देऊ नका.

शेवटचं, पैशाबद्दल. हल्ली सहलीही हप्त्यावर मिळतात, आणि त्या हप्त्यात बहुतेक वेळा व्याज असतं. बर्फासाठी व्याजाच्या भानगडीत पडू नये. त्यापेक्षा चार घरांनी मिळून दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाकावी, वर्षभरात सहलीचे पैसे उभे राहतात. यंदा जमलं नाही तर पुढच्या चिल्लई कलांपर्यंत थांबा. बर्फ तिथेच आहे. घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं सुखरूप जाऊन सुखरूप परत यावीत, इन्शाअल्लाह, सहल त्यासाठीच तर करायची.